गळ्यातलं मला शिकवू नका

—ती कापसाची काडी आधी पिशवीत ठेवा, सिस्टर, मग बसा. बसायला माझी ना नाही. पण या घशात आजवर कुणी काही घातलेलं नाही आणि तुम्हीही घालणार नाही. अहो, अर्धा जन्म गेला माझा पोरांना गाणं शिकवण्यात, आणि घसा म्हणजे काय ते मला सांगताय? तुमचे डॉक्टर 'आ कर' म्हणतात आणि तोंड मिटायच्या आत औषध लिहून मोकळे होतात — मी पोरांना तासभर आ करायला लावते. तो टॉर्च बघा खिडकीत. जीभ खाली पडलीय की नाही, पडजीभ वर उचलली जातेय की नाही, सगळं बघते. काय? — हो, भोंगा माझ्याकडेच शिकतो. पहिल्या दिवशी तो गायला आणि शेजारच्यांनी धडाधड खिडक्या लावून घेतल्या, तेव्हापासून भोंगाच. दवाखान्यात आहे, कळलंय मला. घटसर्प! नाव तरी काय भारदस्त — मला वाटायचं, आमच्या आजीबरोबरच गेला तो. आता परत आलाय म्हणे. येणारच! भोंग्याची आई पोराला एक सुई टोचू देत नाही. मोबाईलवर कुणीतरी काहीतरी पाठवतं, ही वाचते आणि जिन्यात उभी राहून आम्हाला अक्कल शिकवते — 'बाई, शरीर आपलं आपण बरं होतं.' मग सांग ना म्हणावं आता त्या शरीराला! — नाही हो, हसत नाहीये मी. पोरगं गोड आहे. सुरात कधी नसतं, पण बेसूर अगदी मनापासून असतं.

कुठे उभा राहतो? तिथे, पिपाणीच्या समोर. पिपाणी म्हणजे माझी नात, मुलाची मुलगी. शेजारी नाही, समोर — ही माझी पद्धत आहे, बरं का, दुसऱ्या कुठल्या वर्गात नाही मिळायची. जोडीजोडीनं समोरासमोर उभं करायचं, इतकं जवळ की एकाचा श्वास दुसऱ्याच्या तोंडावर लागला पाहिजे. मग आपोआप सूर जुळतो. — असं काय बघताय? गाण्याबद्दल बोलतेय मी. आणि पिपाणीची काळजी तुम्ही नका करू, तिला सगळ्या लशी झाल्यात. शिकलेलं घर आहे आमचं. सून माझी नवऱ्याचा वाढदिवस विसरेल, पण लशीची तारीख — काय, पाचव्या वर्षाची? ती राहिलीय. राहिलीय म्हणजे घ्यायचीच आहे. सून तिला घेऊन निघाली होती हो, चपलासुद्धा घातल्या होत्या, मीच म्हटलं, स्पर्धा तोंडावर आलीय, टोचलं की ताप येणार, पोर किरकिरणार, आवाज बसणार — स्पर्धा होऊ दे, मग ने. मग बक्षीस मिळालं. मग पुढची स्पर्धा आली. तो कप बघा, टॉर्चच्या शेजारी. चांदीचा वाटतो ना? प्लास्टिकचा आहे, उचलून बघा.

आवाज बसलाय थोडा तिचा, हो. गाणाऱ्याचा बसतोच, न गाणाऱ्याचा कशाला बसेल? सकाळी कामावर जाताना सून म्हणालीच, आई, हिला दाखवून आणू का — म्हटलं, कुणाला दाखवतेस, घसे बघणारी घरात बसलीय की! खरं सांगू, मला रागच आलाय कार्टीचा. नाकात गायला लागलीय. आळस, दुसरं काय! परवा चांगलं नाक दाबून गायला लावलं. पाणी पितानाही तिचं ध्यान नसतं, नाकातून येतं सगळं बाहेर, हसत असते मेली पिता पिता — नाही, हसत नव्हती. हसत नव्हती ती. मी धरून चालले, झालं. — मान? मान भरलीय जराशी. म्हटलं, चला, खाल्लेलं अंगाला लागतंय एकदाचं. — बघितलं ना! टॉर्च मारून बघितलं! मागं सायीसारखं काहीतरी चिकटलं होतं, राखाडी. म्हटलं, दूध पिऊन चूळ न भरता आलीस ना? बोटाला फडकं गुंडाळलं आणि पुसायला गेले. निघेना. जोर लावला तर रक्त आलं. ती ओरडली — मी वर तिलाच ओरडले. — काय झालं? उभ्या का राहिलात?

हे बघा, उगाच घाबरवू नका मला. आतच आहे ती, शाळेत नाही पाठवली आज. पिपाणी! ए पिपाणी, बाहेर ये बरं, सिस्टरना एक सूर लावून दाखव, म्हणजे यांची शंका जाईल आणि या आपल्या वाटेला लागतील. ये. अशी उभी राहा, खांदे सैल सोड. हं, लाव. — मोठ्यानं गं. — अगं, पोटातून — हा कसला आवाज येतोय? सिस्टर, गात नाहीये ती. श्वास घेतेय. नुसता श्वास घेतेय आणि असा आवाज येतोय. वर्गात पोरं एकदम गातात, त्यात कळलंच नाही मला. इतकी सगळी तोंडं बघते मी —

हो, लावा फोन. गाडीच बोलवा. आणि भोंग्याला घटसर्पाच्या विषावरचं जे औषध दिलं ना, ते शिल्लक आहे का विचारा — नाही, आधी ते विचारा, गाडीचं मग! सुनेला मी सांगेन. काय सांगायचं ते मी सांगेन. — पिपाणी, पुरे आता. पुरे म्हटलं ना, राणी. अगं नको लावूस सूर, कुणी रागावणार नाही तुला. ये, टेकून बस माझ्या अंगाला. काही बोलू नकोस. — तुम्हीही गप्प बसा, सिस्टर. मला ऐकू द्या.