सोपानसाठी घरातलं थेटर

आमचं मूळ गाव सुलतानपूर, लोणार तालुक्यातलं, पण तिथं आता आमचं कोणी उरलं नाही, खामगावचा माणूस म्हणूनच मले सारे ओळखतात. बाप लवकर गेला, माय मले अन् माझ्या लहान भावाले, सोपानले, घेऊन मामाकडे खामगावले आली. मामा कापसाच्या जिनात, म्हणजे कापसातली सरकी काढून रुई करायच्या कारखान्यात, हमाल होता, त्याच्या वशिल्यानं मी मिसरूड फुटायच्या आधीच जिनात लागलो, आधी मशिनीले तेल घालणारा, मंग फिटरच्या हाताखाली, मंग स्वतः फिटर. सोपानचं शाळेत मन होतं. मले वाटलं, हाताले काम शिकला तर जन्माचं सोनं होईन. महाराष्ट्र झाला त्या साली मी त्याले जिनात घातलं. मीच घातलं. हे आधीच सांगून ठेवतो, म्हणजे पुढचं ऐकताना तुम्ही मले चांगला भाऊ म्हणणार नाही. लोक म्हणतात, अन् ते ऐकलं की जेवण गोड लागत नाही.

काय सांगू तुम्हाले, जिनाचा आवाज बाहेरच्या माणसाले समजतच नाही. एका लांब खोलीत मशिनीची रांग, प्रत्येकीचा रोलर फिरून राह्यला, वरचा पट्टा फडफडून राह्यला, बाजूच्या माणसाशी बोलायचं तर त्याच्या कानाले तोंड लावा लागते. म्हणून कामगार कानात रुईचे बोळे घालतात, बायाही घालतात, जुनी रीत आहे. सोपाननंही घातले होते. मी काढायले लावले. काऊन, तर फिटरची एक घमेंड असते, मशीन कानानं ओळखायची. रोलरचं चामडं झिजलं की आवाज कसा बसतो, बेरिंग तापायच्या आधी कसं कुरकुरते, हे कान उघडे असल्याशिवाय येत नाही, अन् मले त्याले फिटर करायचं होतं. मी म्हटलं, बोळे घालून बसला तर जन्मभर कापूसच टाकशीन बे. त्यानं काढले. मी सांगितलं म्हणून काढले. मी मात्र दिवसातला जास्त वेळ मागच्या वर्कशॉपात, बिघाड झाला की आत जायचं अन् बाहेर यायचं. तो आतच उभा.

आधी तो म्हणे, दादा, कानात भुंगा फिरते. मी म्हणायचो, हंगाम संपला की जाईन. जिन दिवाळीपासून उन्हाळ्यापर्यंत चालते, मंग बंद राहते, तेवढ्या दिवसांत भुंगा कमी व्हायचा बी. पण दर हंगामाले थोडं थोडं जात राह्यलं, आधी पाखरायचे आवाज गेले, मंग बायकायचे, मंग माझा. अकोल्याच्या डॉक्टरनं तपासलं, म्हणाला नस मेली, आता काही होत नाही. सोपानसाठी पाह्यलेल्या दोन सोयरिकी तिथंच मोडल्या. पोरीचा बाप समोर बसून काही विचारे अन् सोपान भलतंच उत्तर दे, मंग बाप चहा पिऊन उठे. त्यानंतर सोपाननं लोकायत बसणंच सोडलं. जिनाच्या आवारात त्याले रुईच्या गाठी मोजायचं काम दिलं, घरी आला की भिंतीकडे पाहून बसे. हाच सोपान आधी थेटरचा असा शौकीन होता की एकच पिक्चर तीनदा पाहून येऊन आम्हाले चुलीपाशी सारा करून दाखवे.

आता थेटरचं कसं सुचलं ते सांगतो. रस्त्यानं मालट्रक गेली की सोपान मान वळवे. लग्नात ढोल वाजला की छातीवर हात ठेवे. मी मनाशी धरलं की याले बारीक आवाज ऐकू येत नाही, पण भरीव आवाज कुठूनतरी आत जाते. म्हणजे चांगला, खोल आवाज मिळाला तर नस जागी होईन. डॉक्टर काही म्हणो. माझी बायको शांता म्हणाली, भावाच्या कानाले औषध नाही अन् तुम्ही भोंगे आणा. मी म्हटलं, भोंगे नाही, स्पीकर.

जळगाव जामोदच्या अंगानं जत्रेजत्रेत फिरणारं एक तंबूचं थेटर बंद पडलं होतं. त्याचे ऑपरेटर रहीमचाचा सामान विकून राह्यले, असं समजलं. गेलो. पडदा फाटलेला, खुर्च्या मोडलेल्या, पण पडद्यामागचे दोन मोठे स्पीकर चाचांनी सतरंजीत गुंडाळून ठेवलेले. त्यांनी एक वाजवून दाखवला अन् म्हणाले, मियाँ, इसमें आदमी की साँस सुनाई देती है. खरंच, बाई बोलायच्या आधी श्वास घेते तो ऐकू आला. मी भाव केला नाही. एस.टी.च्या टपावर बांधून आणले, अन् दर थांब्याले उतरून दोरी पाहिली, कंडक्टर म्हणे, काय गा, वर नवरी बसवली काय.

बाकीचं सारं जुनंपुरानं. भंगारवाल्याकडून पिक्चर दाखवायचं सोळा मिलीमीटरचं मशीन, त्याचे दात मी घासून नीट केले. व्हॉल्व्हचा अँप्लिफायर चाचांनी दोन तुटक्यांचा एक करून दिला. पडदा म्हणजे चुना मारलेली भिंत. खिडक्यांले रुईच्या गाठीवरचं बारदान ठोकलं की भर दुपारी अंधार. पिक्चरच्या रिळाच्या पेट्या अकोल्याहून भाड्यानं येत, देवादिकायचेच पिक्चर, बाकी काही परवडत नसे. स्पीकरच्या लाकडी पेट्या मी केल्या. चाचा म्हणाले, आत रुई भर, नाहीतर आवाज मडक्यातून आल्यावाणी घुमीन. आता मी जिनातला माणूस, मले रुईचं कोण सांगणार? मी म्हटलं, रुई चार दिवसांत खाली बसते, तिच्यापेक्षा सरकीसकट कापूस भरू, तो उभा राहते. भरला. आवाज असा उतरला की चाचा म्हणाले, वाह.

पहिल्या रविवारी सोपानले मी डाव्या स्पीकरच्या अगदी बाजूले बसवलं, हात पेटीवर ठेवायले लावला. पिक्चर सुरू झाला, तो हसला. रीळ बदलताना मी त्याच्यासमोर जाऊन हातानं विचारलं, कसं? तो मोठ्यानं म्हणाला, येऊन राह्यलं, दादा, दुरून येऊन राह्यलं. मी मशिनीमागे जाऊन रडलो. शांता म्हणाली, धूर गेला काय डोळ्यात. त्या दिवसापासून दर रविवारी. गल्लीतले लोक यायले लागले, आधी लेकरं, मंग बाया, मंग म्हातारे. अन् दर रिळाले सोपान सांगे, आज लय साफ आलं, आज गाण्याचे बोल समजले. हंगाम आला, गेला. मले वाटलं, माझ्या हातून जे झालं ते माझ्याच हातानं फिटून राह्यलं.

पावसाळ्यात दोनतीन आठवडे पिक्चरच्या पेट्या आल्या नाहीत, थेटर बंद होतं. मंग एका रविवारी लावलं अन् असा आवाज निघाला, जसा कोणी पत्रा फरफटून राह्यलं. बाया कानावर हात ठेवून उठल्या. शांता ओरडली, बंद करा ते. मी मशीन बंद करायले हात घातला अन् माझी नजर सोपानकडे गेली. तो पेटीवर हात ठेवून माझ्याकडे पाहून मान डोलवून राह्यला. म्हणाला, आज आवाज मोकळा आला, दादा.

लेकरंही हसली नाहीत.

स्पीकरची पेटी उघडली तर आत उंदराचं घर. सरकी खायले आले, साऱ्या कापसाची गादी केली, अन् स्पीकरचा कागदी पडदा कडेनं कुरतडून टाकला. मामूली पोट्ट्यालेही समजते की सरकी म्हटली की उंदीर आला. दुसऱ्या पेटीतही तेच, दोन्ही स्पीकर गेले. पण मी खाली बसलो तो स्पीकरसाठी नाही. मी सोपानचं तोंड धरून माझ्याकडे केलं अन् ओठ सावकाश हलवून विचारलं, तुले कधी ऐकू आलं काय? एकदा तरी?

तो म्हणाला, हाताले गुदगुल्या होतात. ऐकू नाही येत. मी म्हटलं, मंग तू काऊन म्हणत होता, येते म्हणून? तो म्हणाला, तू रीळ बदलताना माह्यासमोर यायचा, तवा तुझं तोंड कसं राहे, तुले काय माहीत? नाही म्हणायची सोयच नव्हती.

मी हातोडी घेतली, म्हटलं बारदान काढतो, मशीन भंगारात देतो, आपल्याले हे थेटरच नको. तवा सोपाननं माझा हात धरला. कान गेल्यापासून त्यानं मले असा कधी धरला नव्हता. म्हणाला, तुझ्या मनाले वाटलं तवा केलं, तुझ्या मनाले वाटलं की मोडतो. मले विचार ना. मी म्हटलं, काय विचारू? तो म्हणाला, या घरी चार वर्षं माह्याजवळ कोणी बसलं नव्हतं. आता रविवारी सारी गल्ली येते. पिक्चर चालू असला की कोणी बोलत नाही, सारे माह्यासारखे चूप. तेवढा वेळ मी वेगळा दिसत नाही.

मी हातोडी खाली ठेवली.

रहीमचाचांनी नवे कागदी पडदे चिकटवून दिले. आधीसारखा आवाज आता नाही, श्वास ऐकू येत नाही, पण बोल समजतात. सोपान आता स्पीकरपाशी बसत नाही. तो दारात उभा राहते, कोणाले कुठं बसवायचं ते पाहते, म्हाताऱ्यायले भिंतीशी, उंच माणसाले मागे, अन् गर्दीत कोणी भांडलं तर बाहेर काढते. गल्लीत त्याले मॅनेजर म्हणतात. मी मशीन चालवतो, अन् रीळ बदलताना त्याच्यासमोर जात नाही.

तुम्ही विचारलं, मन हलकं झालं काय. नाही झालं. मी एकदा त्याले म्हटलं, सोपान, माझ्यामुळे झालं हे तुझं. त्यानं माझे ओठ पाह्यले, समजलं त्याले, अन् मान हलवून म्हणाला, हाव. एवढंच. चालते, असू दे, असं काही म्हणाला नाही, अन् मीही मागितलं नाही. त्याच्या मनात जे आहे ते त्याच्याजवळ राहो. त्याले उदंड आयुष्य मिळो, रविवारी घर भरलेलं राहो. तो पाहा, दारातून सोपान आज माणसं जास्त आहेत असं म्हणून राह्यला, मले सतरंजी टाकायले बोलावते, जातो मी.