धोंडिबांची बी.ए.

इंदूरच्या जेलबाहेर भेटीच्या रांगेत मी उभी होते. माझ्या पुढच्या दुर्गाबाईंशी एक कॉलेजची मुलगी बोलत होती. कैद्यांच्या उच्च शिक्षणावर ती संशोधन करत होती.

“काकू, धोंडिबाजी आत राहून बी.ए. करतायत ना?”

“हो बेटा, यंदा आखरी साल. किताबं मीच आणते, मानपुरहून बसनं.”

“जेलवाले आत नेऊ देतात?”

“आधी मना करायचे. मी साहेबांना म्हटलं, एकेक पान उलटून बघा. बघता बघता साहेबच वाचत बसले!”

“तुम्हाला आनंद होत असेल.”

“होतो ना. पण डर पण वाटतो.”

“डर कशाचा?”

“ते घरी येतील बी.ए. होऊन, अन् मी सातवी पास. माझ्याशी काय बोलतील? म्हणून मी पण मॅट्रिकला बसतेय, प्रायव्हेट.”

“त्यांना सांगितलंत?”

“छे! पास झाले की सांगीन.”

“आणि नापास झालात तर?”

“तर परत बसीन. त्यांना सुटायला अजून तीन साल आहेत ना.”