यल्लूबाईचा पाहुणा दगड

मंडळी, ऐका. देवाचं सांगून झालं, आता माणसाचं सांगतो. प्रश्न एकच— हट्ट कोणता आणि निष्ठा कोणती, हे ओळखायचं कसं? आपण धरतो ती निष्ठा आणि सून धरते तो हट्ट, एवढं आपल्याला ठाऊक आहेच! त्याच्या पुढचं सांगतो.

खडकेवाडी नावाचं गाव. तिथं यल्लूबाई धोत्रे. पाटे-वरवंटे घडवायचे, जात्याला टाकी लावायची, हा धंदा. शाळा? शाळेच्या पायरीचा दगड तिनं घडवलेला, तेवढाच शाळेशी संबंध. पण दगडाच्या बाबतीत पंचक्रोशीत तिचा शब्द म्हणजे शब्द. हा पाटा टिकेल म्हणाली की टिकला!

एके दिवशी माळावर तिनं एक दगड उचलला. नारळाएवढा, पण वजन दुप्पट. वरून काळा, जळक्या तव्यासारखा. छिन्नी मारली, तर छिन्नीचंच टोक वळलं. बाई म्हणाली, हा आपल्या मुलखाचा नव्हे. शाळेच्या गुरुजींनी सांगितलं, असे दगड आकाशातून पडतात. शहरातल्या संस्थेत निमकर साहेब आहेत, त्यांना पाठव. गावकरी तोवर शेंदूर कालवून तयार! बाई म्हणाली, आधी साहेब, मग शेंदूर. 

दगड पोस्टानं गेला. पंधरा दिवसांनी परत आला, सोबत चिठ्ठी— ‘सदर वस्तू हा घडीव वरवंटा आहे.’

झालं! गाव हसलं. आणि हसणं परवडलं असतं हो, पण लोक म्हणू लागले, हिला साधा वरवंटा ओळखता येत नाही. पारख गेली तर यल्लूबाईजवळ उरलं काय?

बाईनं दगड पदरात बांधला, एसटी धरली आणि थेट निमकरांच्या टेबलासमोर उभी राहिली. साहेब माणूस सज्जन. पण वर्षाला तीनशे लोक तीनशे दगड आणतात, त्यांत एक जण तर मूतखडा घेऊन आला होता. ते शांतपणे म्हणाले, बाई, आकाशातून येताना दगड जळतो. त्याच्यावर काळी, पातळ साल धरते, दुधावरच्या सायीसारखी. तुमच्या दगडावर ती कुठं आहे? आहेत ते टाकीचे घाव.

मंडळी, घाव बाईचेच! कसे? सांगतो. आजवर तिच्या हातून ओबडधोबड दगड कुणाच्या दारात गेला नव्हता. मग एवढ्या मोठ्या साहेबाकडे तसाच कसा धाडायचा? म्हणून तिनं दोन दिवस खपून, छिन्न्यांमागून छिन्न्या बोथट करून तो चहूबाजूंनी घासून-घडवून, लख्ख करून पाठवला होता! आपला पुरावा आपल्याच हातानं सोलला होता!

आता इथं तुम्ही-आम्ही काय केलं असतं? पोस्टावर ढकललं असतं. बाई म्हणाली, “साहेब, साल हुती. म्याच काढली. चूक माजी.”

साहेब हसले. अशा गोष्टी रोज ऐकत होते.

“हसा. पण माज्यावर इस्वास ठेवू नका,” ती म्हणाली. “माळावर चला. ह्येचा भाऊबंद असंल तर हातोडीनं हुडकून देते. म्या दावलेला दगड फोडा. आपल्या मुलखाचा निघाला, तर पुन्यांदा छिन्नीला हात लावणार न्हाई.”

ऐकलंत? हातातला धंदाच पणाला लावला! आणि निमकर साहेब— हे त्यांचं मोठेपण— खुर्चीतून उठले.

माळ केवढा? नजर पोचेल तिथवर काळे दगड. बाई पुढं, साहेब छत्री घेऊन मागं, आणि त्यांच्यामागं कामधंदा नसलेलं अख्खं गाव. टण्. “ह्यो आपला.” टण्. “ह्यो बी आपला.” दुपार टळली. गाव पांगलं. साहेबांनी घड्याळ दोनदा पाहिलं. आणि एका मुरमात अर्ध्या रुतलेल्या, मुठीएवढ्या दगडावर हातोडी पडली. आवाज बसका. बाई थांबली. पुन्हा मारली. 

“ह्यो पाव्हणा हाय.”

साहेबांनी तो उपसला, रुमालानं पुसला. काळी साल! सायीसारखी पातळ! मंडळी, तीस वर्षं नोकरी झालेला माणूस मांडी घालून मुरमात बसला. संस्थेत दोन्ही दगड कापले— आत मोहरीएवढे गोल दाणे, मधूनमधून लोखंडाची चमक. दोन्ही सख्खे भाऊ, दोन्ही आभाळातले!

रीतीप्रमाणे दगडाला गावाचं नाव मिळालं. शोधणाऱ्याच्या रकान्यात— यल्लूबाई धोत्रे. कारकुनानं पुढं ‘मजूर’ लिहिलं होतं. निमकरांनी ते खोडून ‘पाषाणपारखी’ लिहिलं आणि तिला वाचून दाखवलं. बाई खूश झाली असेल? ती म्हणाली, पहिल्याची साल म्या काढली त्ये बी लिवा, न्हाईतर पुढचा कुणीतरी घासूनच पाठवंल. साहेबांनी तेही लिहिलं.

तर मंडळी, हट्ट म्हणतो, माझंच खरं. निष्ठा म्हणते, माझं खरं वाटतंय, ठोकून बघा; आणि चुकली तर चूक आपल्या नावावर घेते. यल्लूबाईनं आपली चूक सरकारी कागदावर लिहून घेतली. आपल्याला एवढं जमायचं नाही. आपण घरी जाऊन एकच चूक, एकच, घरच्यांसमोर मोठ्यानं कबूल करू.

पुरुषांनी आधी.