मडकं अजून पिकायचं हाय

हॅलो?

…हॅलो. हां, ऐकू येतं. कोण बोलतंय?

…सयाजी? मग नाव सांग की रे आधी. नुसतं आये आये काय करतोस, आय काय एकट्या तुलाच हाय?

…मीच. दुसरं कोण येणार कुडपणातनं उतरून तुझा फोन घ्यायला? पहाटे निघालो. पोलादपुरापर्यंत पायी, तिथनं यष्टी. दहाला महाडच्या पोस्टात हजर. तू पत्रात दहा लिवलंस. आता वाजले किती ते बघ.

…लाईन मिळत नव्हती. बरं. पोस्टमास्तरांनी बाकड्यावर बसवलं, पाणी दिलं. चांगला माणूस हाय.

…आली ना. तिला घरी टाकून कशी येऊ? बाहेर पायरीशी हाय. कोळीण बसलीय जवळा घेऊन, तिच्या टोपलीत नाक घालून वास घेतेय.

…लान रे. तुझी बायको. कोळीण कशाला स्वतःचा जवळा हुंगेल?

हां, ते सांगायचं राहिलं. यष्टीत कंडक्टरनं विचारलं, आजी, सून कुठली? मी बोलले, व्हिएतनामची. बोलला, म्हंजे खेड तालुका. मी बोलले, त्याच्या जरा पलीकडं.

…सांग. ऐकतेय.

…खोली मिळाली? कुठं?… परळला. एकट्याला? म्हंजे गावकीच्या खोलीतनं सुटलास. वीस बाप्ये नि एक मोरी. बरं झालं.

…रविवारी? ह्या येत्या रविवारी?

…नाय, मी कुठं काय बोलले. न्यायला येतोस. बरं. तुझी बायको, तू नेणार. मी कोण मधी पडणारी?

…रोडावलीय? तुला कुणी सांगितलं?

…खाते की. दोन वेळा खाते. नाचणीची भाकरी, कालवण, जे घरात असंल ते. पण ते आपलं खाणं. तिचं खाणं वेगळं, नि ते हितं करायला बसली की काय काय व्हतं ते आता फोनवर कसं सांगू?

…बरं, ऐक मग. मधी मधी बोलू नको, माझं चुकतं.

तू शिमग्याला तिला आणलीस, चौथ्या दिवशी मुंबईला गेलास. तिकडची लढाई थांबली, कमिशनच्या सायबांची मोटार चालवायला सरकारनं तुला धाडलं, तू येताना बायको आणलीस. पदरी पडलं पवित्र झालं, मी एक शब्द बोलले नाय. बोलले का?… ते सोड, ते पहिल्या दिवशीचं.

चैत्रात मी फेण्या घातल्या. तांदूळ भिजवून, वाटून, पानावर वाफवून, चार दिवस उन्हात. डबा भरून माळ्यावर ठेवला. एक दिवस फाटी घेऊन घरी येते तर बाई परातीत पाणी घेऊन बसलीय, नि एकेक फेणी त्यात बुडवतेय.

…तळायला नाय रे. भिजवायला. मऊ झाली की पाटावर पसरायची. त्यात काकडी, सुकट, नि परसातला कच्चा पाला. मग गुंडाळी करायची नि तशीच खायची. आपण ओलं वाळवतो, ही वाळलेलं भिजवते.

…अर्धा डबा. तुझ्याकडं ह्या वर्षी फेण्या का आल्या नाय, ते कळलं आता?

…हसतोस काय? मला हसू नाय आलं तेव्हा.

मग वैशाखात. काका आला जेवायला, महिपतीकाका, म्हणून कोंबडी कापली. ती बोलली, मी करते. मी बोलले, कर बाई. तिनं कांदा निखाऱ्यात भाजला. आलं भाजलं. मी मनात बोलले, शिकली हो. मी खोबरं किसायला घेतलं, पाटा धुतला. नि बाईनं तो भाजलेला कांदा उचलला नि पातेल्यातल्या पाण्यात टाकला. आख्खा. वाटलाच नाय. दुपारभर चूल पेटती ठेवली नि शेवटी तो कांदा काढून फेकून दिला.

…तसंच करतात? मला काय ठाव तसंच करतात?

मसाल्याच्या डब्यात बाद्यानचं फूल सापडलं तिला. ते नाकाशी धरून किती वेळ बसली. डोळ्यांत पाणी. मला वाटलं, धूर गेला.

मग त्या पाण्यात शेवया. आपल्या तांदळाच्या, नारळाच्या रसात गूळ घालून खातो त्या. वरनं कच्चा कांदा नि मूठभर कोथिंबीर. काका ताटाकडं बघतच राहिला. बोलला, वैनी, घरात कोण आजारी हाय काय? नि उठला.

…मी? मी काय करणार? मी…

…थांब, मधी कोण बाई बोलली. …तीन मिनटं झाली बोलते. …वाढव बोलतोस? वाढव मग. माझं व्हायचं हाय अजून.

…काय? कसलं पत्र?

…लाननं लिवलं? तुला? कधी?

…वैशाखात.

…ते पत्र मीच टाकलं रे पेटीत. पोलादपुराला बाजाराला गेले तेव्हा. तिनं हातात दिलं, ती इंग्रजीवाणी अक्षरं, मला वाटलं तुझी खुशाली विचारली असंल.

…काय लिवलंय? वाच.

…नाय, वाच तू. मला ऐकायचं हाय.

…हां.

…हां. "आयनं माझं जेवण कुत्र्याला घातलं. मला हितनं न्या." एवढंच?

…

…हाय, हाय फोनवर. ऐकलं मी.

घातलं. खोटं नाय ते. काका उठून गेला, मला राग आला, नि मी पातेलं उचलून परसात मोत्याच्या थाळीत रिकामं केलं. ती बघत व्हती हे ठाव नव्हतं मला. तेव्हा लाज नाय वाटली सयाजी. आता वाटते.

…नाय, तुझ्यावर कशाला रागावू? तिनं लिवलं ते बरोबर लिवलं. म्हणून खोली शोधलीस ना तू? चांगलं केलंस. पण पत्र वैशाखातलं, नि आता भादवा सरत आला. मधलं तुला ठाव नाय.

…भांडण? नाय. भांडायला भाषा लागते. मडकं सापडलं.

…मडकं. सांगते.

आषाढात ओढ्यातनं बारके मासे चढले, वलगणीचे. शेजारच्या राहीबाईनं टोपलंभर आणून दिले. लाननं माझी मोठी बरणी मागितली. लोणच्याची. चिनी मातीची, माझ्या आयनं दिलेली. बोटं दाखवून सांगितलं तिनं, मासे, मीठ, मासे, मीठ, असं भरायचं. मी बोलले, जीव माग, बरणी नाय. लोणच्याच्या बरणीला मासळीचा हात लागला तर वरीसभर लोणचं नासतं.

…तेच ना. जेवणात घालायच्या तुमच्या त्या माशाच्या पाण्यासाठी. मला कुणी सांगितलं व्हतं?

मग तिनं काय केलं, गोठ्यातलं जुनं मडकं घेतलं. मासे, मीठ भरलं, फडक्यानं तोंड बांधलं, नि वास येतो म्हणून कुणी बोलू नये तर गोठ्यामागं पुरून टाकलं. कुणाला सांगितलं नाय. कुणाला सांगणार? मलाच भ्यायची ती.

आता गौरी गेल्या नि राहीबाईची म्हैस आटली. काकाचा बैल लंगडला. असंच व्हतं भादव्यात, पण माणसं बसल्या जागी काय तरी शोधतात. त्यात काका आमच्या गोठ्यामागं खुंटा ठोकायला गेला, नि पहार मडक्याला लागली.

…हां. फडकं बांधलेलं मडकं, जमिनीत, गोठ्यामागं, नि आत सडलेलं. तू असतास तर तू काय बोलला असतास?

…करणी. सगळी वाडी तेच बोलली.

खालनं भगत आणला. नारळ, लिंबू, सगळं मांडलं. भगतानं तांदूळ टाकले, डोळे मिटले नि बोलला, शेजारची बाई हाय, डावखुरी हाय. सगळ्यांनी राहीबाईकडं बघितलं. ती हातातला विळा लपवायला लागली. डाव्याच हातात व्हता ना तो. रडायला लागली बिचारी, लेकरांची शपथ घेते, कोण ऐकेना. वाळीत टाकायची गोष्ट निघाली, सयाजी. काकाच बोलला.

नि तेवढ्यात ही आली शेतातनं. डोक्यावर गवताचा भारा. भारा टाकला, माणसं सारली, मडक्यापाशी बसली. फडकं सोडलं, बोट बुडवलं नि चाटलं.

…सगळ्यांसमोर. भगताच्या समोर.

भगत उठून उभा राहिला. बोलला, ही बाई दिवस मावळायच्या आत जीवानं जाणार. कोण हाललं नाय. आम्ही बसलो. ही पण बसली, तिला कळेना आम्ही कशाची वाट बघतोय. दिवस मावळला. बाई उठली, गुरांना गवत घातलं नि मला बोलली, "आय, अजून नाय पिकलं. वैशाखात पिकंल."

…नाय, भगत गेला. नारळ सोडून गेला. त्याचा रस काढला मी, शेवयांना.

काका बोलला, वैनी, ते मडकं दरीत टाक नि हिला मुंबईला धाड. मी बोलले, ज्यात घरचं मीठ घातलं ते दरीत टाकायची रीत आमच्यात नाय. मडक्याला फडकं मी बांधलं. माझ्या हातानं. परत पुरलं, नि वर जात्याची फुटकी तळी ठेवली. आता पहार लागली तर पहारच वाकंल.

…राहीबाई? ती आता रोज येते. मासळी मिळाली की आधी लानला आणून देते. म्हैस अजून आटलेलीच हाय, पण ते राहूदे.

…मी? चाखलं नाय बाबा. वास येतो. पण दुसऱ्या दिवशी कोंबडी कापली नि तिला बोलले, ते तुझं कोंबडीचं पाणी कर. कांदा वाटू नको, तुझ्या रीतीनं कर. दोन वाट्या प्यायले.

…कसं असंल? खोबरं नाय, तिखट नाय. पण पोटाला बरं वाटलं. तिनं माझ्या वाटीकडं बघितलं, मोत्याकडं बघितलं, नि वाटी परत भरली.

…

हां, ऐक. एक सांगते, मग तिला देते फोन. मला नाय करमणार ती गेल्यावर. तुझे वडील गेल्यापासनं चुलीपाशी कोण बोलणारं नव्हतं. ही बोलते त्यातलं निम्मं मला कळत नाय, पण बोलते. हे मी तुला अडवायला नाय सांगत. रविवारी ये, ने. माझी ना नाय. फक्त तिला विचार आधी. वैशाखात तिनं लिवलं, आता तिच्या तोंडून ऐक.

…थांब. लान! ये गो आत. जवळा ठेव तिथंच, कोळीण काय पळत नाय. घे. हे कानाला, हे तोंडाशी. मी धरते, बोल तू.

…हालो.

…मी. लान.

…बरी हाय.

…आयनं सांगितलं. खोली. परळ.

…नळ आत हाय? चांगलं.

…पत्र? ते जुनं. खूप जुनं.

…नाय. रडत नाय. हितं लोक बघतात.

…रविवारी या तुम्ही. या.

…न्यायला नाय. जेवायला.

…मडकं नाय पिकलं. वरीस लागतं. तुम्हाला ठाव हाय. माझी आय किती दिवस ठेवायची, तुम्ही बघितलं.

…वैशाखात पिकंल. मग मी येते परळला. निम्मं घेऊन.

…निम्मं हितं. आयला.

…नाय खात. पण खाईल.

…हां. देते.

…हॅलो? मीच. ऐकलं मी सगळं, उभी व्हते ना बाजूला.

…मला काय करायचंय निम्मं? मी कुठं खाते ते?

…हसू नको. मी डोळे पुसत नाय, पोस्टात गर्दी हाय, धूळ हाय.

बरं, ऐक. रविवारी जेवायला येतोस तर येताना दोन मोठे डबे घेऊन ये. रिकामे. घट्ट झाकणाचे.

…लोणचं नेशील ना. सगळं ने. खोलीत भात शिजवून खाशील, तोंडी लावायला व्हईल.

…सगळं म्हंजे सगळं. तळाचं पण.

…कशाला काय? मोठी बरणी मोकळी करायची हाय मला. चार महिने उन्हात ठेवते, राखेनं घासते, लोणच्याचा वास जायला पाहिजे आधी.

…वैशाखात लागंल ती. ठेव आता.