भोपळ्याच्या मापाची लेन्स

(मेरीबरो, क्वीन्सलंड. खांबांवर उभं लाकडी घर. खाली नेव्हिलची डार्करूम आणि फोटो मोठा करायचं यंत्र, एन्लार्जर; वर स्वयंपाकघर, मधल्या फळ्यांना एक भोक. नेव्हिल आणि त्याचा जुना मित्र डेस खाली, नेव्हिलची बायको ऑड्री वर.)

डेस : मोजा हुंगून लेन्स निवडणारा तू पहिलाच.

नेव्हिल : वास येतोय.

डेस : मोज्याला येतोय. लेन्स आत आहे. लोकरीच्या मोज्यात ठेवली की ओरखडा पडत नाही, हे फोटो क्लबात मला तूच शिकवलंस.

नेव्हिल : धुतलेल्या मोज्यात, असं म्हणालो होतो.

डेस : मोजा माझा मला दे. लेन्स बघ. ऐंशी मिलिमीटरची आहे. महिनाभर फोनवर माझं डोकं खाल्लंस, डेस, ऐंशीची मिळव, डेस, ऐंशीची मिळव. हर्वी बे गावात लग्नाचे फोटो काढणारा एक म्हातारा आहे, त्याच्या दारात तीनदा जाऊन आणली. आता नाक मुरडतोस.

नेव्हिल : काठाला ठिपका आहे.

डेस : तुझ्या चष्म्याला आहे तो.

नेव्हिल : आणि ती रिंग फिरताना टकटक करते.

डेस : करणारच, लेका. अंधारात टकटक मोजूनच लेन्सचं तोंड किती बारीक झालं ते कळतं. हेही तूच शिकवलंस.

नेव्हिल : माझी एकशेपाचची बरी आहे. लांब लेन्स काचेच्या मधल्या भागातून काम करते. चारही कोपरे सारखे उजळतात.

डेस : कोपऱ्यात आहे काय तुझ्या फोटोत? गवत. भोपळा मधोमध बसलाय. तुला हवी साडेतीन फुटी प्रिंट. एकशेपाचची लावली तर एन्लार्जर दिव्यासकट नऊ फूट वर जातो. तुझी खोली आठ फूट उंच. म्हणून तू बायकोच्या स्वयंपाकघराला भोक पाडलंस.

नेव्हिल : चौकोनी पाडलंय. कडाही घासल्यात.

ऑड्री : डेस, त्याला सांग, त्या कडेत माझी चप्पल अडकते.

डेस : नेव्हिल, ऑड्री म्हणते...

नेव्हिल : ऐकलं मी.

डेस : कसं वाटतं ऑड्री, चुलीशेजारी दिव्याचा डबा उगवला तर?

ऑड्री : ऊब बरी असते त्याला. वर स्कोनचे पाव ठेवते मी.

नेव्हिल : तरीच. मागच्या प्रिंटवर एक कण होता. मला वाटलं, धूळ.

डेस : हे बघ, ऐंशीची लावलीस तर तेवढीच प्रिंट साडेसात फुटांत बसते. जमिनीवर कागद, वर छत, मधे अर्धा फूट हवा खेळती. भोक नको, चप्पल अडकायला नको. आणि एन्लार्जर स्वयंपाकघराच्या फळ्यांना टांगायला नको. वर कुणी पाऊल टाकलं की इथे भोपळा नाचतो, तो नाचणार नाही. मला यात कुठे गोम दिसत नाही.

नेव्हिल : भोपळा नाचत नाही. ती स्थिर उभी असते.

डेस : कोण?

नेव्हिल : ऑड्री. चार मिनिटं. मी खालून विचारतो, उभी आहेस का, ती पडदे ओढते, दिवा मालवते, आणि म्हणते, उभी आहे. मग मी कागदावर प्रकाश सोडतो.

डेस : ती तुझ्याशी बोलते?

नेव्हिल : तेवढंच.

डेस : अकरा महिने तुमचं विळ्या-भोपळ्याचं सख्य, तेही खऱ्याखुऱ्या भोपळ्यावरून. सगळ्या मेरीबरोला ठाऊक आहे. "मीठ दे" म्हणायचं तर ती कुत्र्याला सांगते.

ऑड्री : कुत्रा देत नाही. पण निदान उलट बोलत नाही.

डेस : ऑड्री, किती होता गं तो? नक्की आकडा सांग.

ऑड्री : ब्याण्णव किलो. चार महिने माझ्या हाताने दूध पाजलं त्याला, वेलीत वात घालून. दुसऱ्या दिवशी भाज्यांचं प्रदर्शन होतं. आणि त्याला विचार, डेस, भोपळा होता तिथे त्याच्यावर काय वाईट ऊन पडलं होतं?

नेव्हिल : दुपारचं ऊन होतं. एक बाजू पांढरीफट्ट, दुसरी काळीठिक्कर. भोपळ्याला मऊ सावली लागते. कुठल्याही फोटोग्राफरने सावलीतच नेला असता.

डेस : ढकलगाडीत घालून? उतारावरून?

नेव्हिल : नेताना काही झालं नाही. सावलीत बारा फोटो काढले. परत आणताना चाक सुटलं.

ऑड्री : खाली शेजारच्या मॅकिंटायरच्या कुंपणापर्यंत बिया सापडल्या, डेस. मी वेचल्या.

नेव्हिल : फोटो मात्र उत्तम आला.

डेस : हे वाक्य, नेव्हिल. हे वाक्य तू त्या दिवशीही बोललास. मी तिथे होतो. हातात भोपळ्याची खाप घेऊन उभा होतो.

नेव्हिल : म्हणून तर प्रिंट करतोय. खऱ्या मापाची. उद्या दुपारी बारापर्यंत नोंदवायची आहे.

डेस : फोटोच्या विभागात.

नेव्हिल : भाजीच्या. ऑड्रीच्या नावाने. प्रदर्शनाच्या कचेरीत मी नियम वाचून घेतला. भोपळा ज्याच्या नावाने नोंदवला त्यानेच वाढवलेला असावा आणि कापलेला नसावा. बस्स. फोटोतला कापलेला नाही.

डेस : आणि कचेरीतल्या बाई तयार झाल्या?

नेव्हिल : त्या म्हणाल्या, माप बरोबर असेल तरच. एक इंच कमी चालणार नाही, फसवणूक होईल.

डेस : बरं. त्या कोपऱ्यातल्या गुंडाळ्या कसल्या?

नेव्हिल : बिघडलेल्या प्रिंटा. नऊ.

डेस : नऊ? बघू. तुझं ते बारकावे बघायचं भिंग दे. हं. हीसुद्धा. हीसुद्धा. अरे, प्रत्येकीत देठ दोन-दोन. हा लेन्सचा दोष नाही. लेन्सने बिघडवलं असतं तर कोपरे गेले असते. गवताची पातीसुद्धा दोन-दोन दिसतायत. सगळं चित्र एकदम सरकलंय. चार मिनिटांत कधीतरी वर कुणीतरी हललंय, नऊच्या नऊ वेळा.

नेव्हिल : ती हलत नाही. ती उभी आहे म्हणते.

डेस : उभी असते रे. पण...

ऑड्री : दोन मिनिटं झाली की मी एकदा पाय बदलते, डेस.

डेस : पाय दुखतो?

ऑड्री : नाही.

डेस : मग?

ऑड्री : प्रिंट चांगली आली की तो भोक बुजवेल. मग इथून विचारणार कोण? कुत्रा?

डेस : नेव्हिल, ऑड्री म्हणते...

नेव्हिल : ऐकलं.

डेस : तुझं तोंड असं का झालं? तांबड्या दिव्यातही पांढरं दिसतंय. नेव्हिल, तू महिनाभर ऐंशीची मागत होतास. शेवटचा फोन कधी केलास मला? भोक पाडायच्या आधी. नंतर एकदाही नाही. ही लेन्स वाईट नाहीच, हो ना?

नेव्हिल : उत्तम आहे. मी हातात घेतल्या घेतल्या ओळखलं.

डेस : आणि मोजा?

नेव्हिल : मोज्याला वास येतोच, डेस.

डेस : धन्य आहात दोघं. मी नव्वद किलोमीटर पेट्रोल जाळलं ते काय सुगंध घ्यायला? आता सांग, कुठली लावू? ऐंशीची लावली तर उद्या दुपारी भोपळा प्रदर्शनात, आणि फळ्या पुन्हा ठोकून बंद. एकशेपाचची लावली तर सगळं तिच्या पायावर. तिने पाय बदलला की गेला भोपळा. कागद किती उरलाय?

नेव्हिल : एका प्रिंटचा.

ऑड्री : डेस, त्याला सांग, भोकावर झाकण करता येतं. बिजागरीचं. मॅकिंटायरच्या कोंबड्यांच्या खुराड्याला आहे तसं.

नेव्हिल : पितळी बिजागरी आहे माझ्याकडे. गंजत नाही.

डेस : हे मी सांगू, की ऐकलं तिने?

नेव्हिल : एकशेपाचची लाव. तोंड दोन टकटक बारीक कर. आता तो दरवाजा ओढ आणि तू पण हलू नकोस. ऑड्री.

डेस : बोल की. मला सांगायला सांगू नकोस.

नेव्हिल : ऑड्री, तो होता तिथेच ठीक दिसत होता. ऊन चांगलं होतं. मी तो हलवायला नको होता.

डेस : ...ऑड्री? ऐकलंस का?

ऑड्री : तू मधे बोलू नकोस, डेस. नेव्हिल, स्कोन उचललेत. चपला काढल्या. दिवा मालवलाय.

नेव्हिल : चार मिनिटं लागतील, अगं.

ऑड्री : उभी आहे.