चित्रातल्या नायिकेची ओटी

सुनंदा, एक बाई भिंतीवरून उतरावी म्हणून मी देवीचे पाच शुक्रवार बोलले होते. बाई म्हणजे विलायतेतल्या राणीच्या काळातलं चित्र, कुठल्याशा जुन्या नाटकातली नायिका. आमचे हे आर्वीला कॉलेजात इंग्रजी शिकवायचे. चहा पिताना नजर तिच्यावरच! "काय केस आहेत, पाह्य जरा!" असं मलाच सांगत. माझ्या गजऱ्याकडे मात्र कधी बघितलं नाही.

पाचव्या शुक्रवारी मी चित्रापुढे पाट मांडला आणि खणानारळानं तिची ओटी भरली.

"अवं, हे काय करून राह्यली?"

"पाहुणी हाये ना? ओटी भरली की पाहुणीले थांबवत नाईत. पोचवून या तिले."

हे खो खो हसले, पण तिला कॉलेजच्या वाचनालयात टांगून आले.

तुझ्या घरी अशी कोणी आली, तर भांडू नको बाई. ओटी भरजो.