पायरीवरच्या वहाणा

पुण्याहून लोणावळ्याला निघालेल्या एसटीत तिकिटं फाडून झाली, तरी कंडक्टर भिमाजीचे कान मागच्या बाकाकडंच होते. टाकव्याचा महिपती मॅट्रिकला बसलेल्या लेकीला कॉलेज दाखवून परत निघाला होता.

“आबा, तितं सगळी चपला घालूनच हिंडत व्हती.”

“हिंडू दे. एवढी पुस्तकं, पार आढ्याला टेकलेली! तितं वहाणा घालून कसं शिरायचं, हौसे?”

“मंग आता कुटं हायेत?”

महिपतीनं पायांकडं बघितलं.

“आगं, ऱ्हायल्या की पायरीवर!”

“उतरून मागं जायचं?”

“नगं. ऱ्हाऊ दे तितंच.”

“तुमी तर निस्तं बघून येऊ म्हनला व्हता. आता कोन जानार परत तिकडं?”

“तू. जूनमधी जाशील, तवा घिऊन ये.”